कापले की ठेवले? अनामतीची एक लांबलचक गोष्ट

गेल्या फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही नंदनवनहून शिर्डीला गेलो. मी, माझा चुलतभाऊ, मोठी आई आणि मोठे बाबा. मोठे बाबांचे गुडघे गेलेत, बसमध्ये रात्रभर बसवत नाही. म्हणून ॲपवरून स्वतः चालवायची गाडी किरायाने घेतली. किराया मी भरायचा आणि अनामत भावानं, असं ठरलं. त्यानं यूपीआयनं दहा हजार रुपये भरले. समृद्धी महामार्गावरून गेलो, दर्शन झालं, रविवारी रात्री गाडी जगनाडे चौकात परत दिली. एक ओरखडा नाही, टाकी भरलेली. गाडी घ्यायला आलेल्या पोरानं चारही बाजूंनी व्हिडिओ काढला आणि म्हणाला, ‘ओके आहे भाऊ, डिपॉझिट येऊन जाईल.’

येऊन गेलं. पण अकरा दिवसांनी. मधल्या काळात भावाच्या बाईकचा हप्ता होता. खात्यात पैसे नव्हते, हप्ता परत गेला. बँकेनं दंड लावला, फायनान्सवाल्यानं वेगळा लावला.

त्या आठवड्यात भाऊ रोज एकच प्रश्न विचारायचा. ‘अबे, ते पैसे कापले का नुसते ठेवले?’

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. घरात मोबाईल, बँक, ॲप यातलं काहीही बिघडलं की प्रश्न माझ्याकडे येतो. मी त्याला उत्तर दिलं, पण ते मलाच पटलं नाही. कारण दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामानं डॅलसला गेलो होतो तेव्हा मीही गाडी भाड्यानं घेतली होती. काउंटरवरच्या बाईनं क्रेडिट कार्ड घेतलं, दोनशे डॉलरचा ‘होल्ड’ लावते म्हणाली. मी हो म्हणालो आणि विसरून गेलो. तो होल्ड कधी निघाला हे मला आजही माहीत नाही. तीच गोष्ट, तेच कारण, पण मला त्याचा पत्ताही लागला नाही आणि माझ्या भावाचा हप्ता बुडाला. असं का, हे शोधत मी बराच मागे गेलो.

माणूस ठेवायचा, वस्तू ठेवायची

‘अनामत’ हा शब्द अरबी ‘अमानत’चा मराठी अवतार. अमानत म्हणजे विश्वासानं सोपवलेली वस्तू. गंमत बघा, शब्दाच्या मुळाशी विश्वास आहे, आणि आपण अनामत देतो ती मात्र समोरच्याचा आपल्यावर विश्वास नसतो म्हणून. मराठीत या कामासाठी शब्दांचं कपाटच आहे. वस्तू ठेवली तर गहाण, मालमत्ता ठेवली तर तारण, माणूस मध्ये उभा राहिला तर जामीन. जमिनीचा सौदा पक्का करायला आधी दिलेले पैसे म्हणजे विसार किंवा इसार, आमच्या नागपुरात बयाणा. आणि माणूसच ठेवून घेतला तर ओलीस. ज्या समाजाकडे इतके शब्द असतात, त्यानं या गोष्टीत बरेच चटके खाल्लेले असतात.

ओलीस म्हणजे अनामतीचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात कच्चं रूप. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांची मुंबईहून निघालेली फौज पुण्याच्या दिशेनं घाट चढून आली आणि वडगावला मराठ्यांच्या वेढ्यात सापडली. करार झाला. इंग्रजांनी साष्टीसह १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत करायचा आणि मराठ्यांनी फौजेला मुंबईला जाऊ द्यायचं. पण फौज एकदा निसटली की इंग्रज शब्द पाळतील याची हमी काय? म्हणून फार्मर आणि लेफ्टनंट स्टुअर्ट असे दोन अधिकारी महादजी शिंद्यांकडे ओलीस राहिले. (हा स्टुअर्ट म्हणजे त्याच मोहिमेत कार्ल्याजवळ मारला गेलेला ‘इष्टुर फाकडा’ नव्हे, तो वेगळा.)

फौज मुंबईला पोचली आणि मुंबईकर इंग्रजांनी करार मान्य करायला नकार दिला. कलकत्त्यानंही तेच केलं. महादजींच्या हातात राहिली ती दोन माणसं. त्यांचं करणार काय? पुढे त्यांनी दोघांना सोडूनही दिलं. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली. अनामतीचा पहिला नियम इथं शिकायला मिळतो. ठेवलेली गोष्ट देणाऱ्याला जितकी मोलाची, तितकीच ती हमी म्हणून कामाची. दोन अधिकारी आणि साष्टी बेट यांत कंपनीनं बेट निवडलं.

मोठे बाबांना हा नियम वडगाव न वाचता माहीत होता. त्यांचं सक्करदऱ्याला किरायाच्या सायकलींचं दुकान होतं. तासाच्या हिशोबानं सायकल. एक रजिस्टर, त्यात नाव, सायकलचा नंबर, नेल्याची वेळ. ओळखीच्या पोराला नुसत्या नावावर सायकल मिळायची, कारण त्याचा बाप माहीत असायचा. अनोळखी पोराला काहीतरी ठेवावं लागायचं. घड्याळ, दप्तर, कधी डबा. ‘पैसे नाही घ्यायचो,’ मोठे बाबा सांगतात, ‘पोराजवळ पैसे असते तर त्यानं सायकल कायले किरायानं नेली असती?’

कागद ठेवायचा

वस्तूनंतर आला कागद. आणि कागद फार अवघड प्रकरण आहे, कारण वस्तू परत मिळाली की दिसते. कागद परत मिळाला तरी त्याची नक्कल कुठं आहे, त्यावर मागून काय लिहिलं, हे कळत नाही.

आम्ही ज्या चौकात गाडी परत दिली त्याचं नाव ज्यांच्यावरून आहे ते संताजी जगनाडे म्हणजे तुकोबांचे सोबती आणि परंपरेनुसार त्यांच्या अभंगांचे लेखक. तुकोबांच्या घरी सावकारी होती. १६३० च्या आसपासच्या दुष्काळात सगळं होत्याचं नव्हतं झालं. त्यानंतर तुकोबांनी कर्जखतांचे दोन वाटे केले, धाकट्या भावाचा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडली, अशी कथा महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. मी ती लहानपणापासून वैराग्याची कथा म्हणून ऐकली. आता ती मला हिशोबाची कथाही वाटते. देणेकऱ्याला नुसतं ‘तुझं कर्ज माफ’ म्हणून भागत नाही. कागद जोवर सावकाराच्या घरात आहे तोवर माफी तोंडी असते. कागद बुडाला की माणूस सुटला.

हे शेतकऱ्यांना नीट कळत होतं, याचा पुरावा १२ मे १८७५ चा. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरलं. यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की रोख सगळा जिवांवर नव्हता, कागदांवर होता. खतं आणि वह्या मागायच्या, मिळाल्या की जाळायच्या. शेतकऱ्यांच्या तक्रारी आज वाचल्या तर ओळखीच्या वाटतात. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेतला आणि मजकूर वेगळाच लिहिला. फेड केली तर पावती नाही. कर्ज फिटलं तरी खत परत नाही.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात न्यायालयाला खताच्या मागे जाऊन मुळात किती दिले, किती फिटले हे तपासायची मुभा मिळाली आणि गावपातळीवर दस्त नोंदवायची सोय झाली. म्हणजे कागद ज्याच्या हातात, खरं त्याचंच, हे काही प्रमाणात तरी मोडलं.

गाडी आणि कार्ड

मोटारगाडी किरायानं द्यायचा धंदा शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेतल्या ओमाहा गावी जो सॉन्डर्स नावाच्या माणसानं १९१६ मध्ये आपली फोर्ड मॉडेल टी गाडी भाड्यानं द्यायला सुरुवात केली. पुढच्या चाकाला अंतर मोजायचं यंत्र बसवलं आणि मैलाला दहा सेंट असा दर लावला. १९१८ मध्ये शिकागोत वॉल्टर जेकब्सनं डझनभर मॉडेल टी घेऊन तसाच धंदा काढला. १९२३ मध्ये तो जॉन हर्ट्झनं विकत घेतला आणि आज जगभरच्या विमानतळांवर दिसतं ते नाव जन्माला आलं.

या धंद्याची अडचण सायकलवाल्याचीच, फक्त मोठी. हजारोंची वस्तू अनोळखी माणसाच्या हातात द्यायची आणि ती त्याच्यासोबत नजरेआड जाऊ द्यायची. सायकलचं दप्तर-घड्याळ इथं पुरत नाही. रोख अनामत घ्यायची तर प्रवाशानं एवढी रोकड घेऊन फिरायचं का?

यावरचा तोडगा कार्डानं दिला. १९५० मध्ये न्यूयॉर्कात डायनर्स क्लब सुरू झाला, १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेनं कॅलिफोर्नियात आपलं कार्ड काढलं, त्याचंच पुढे १९७६ मध्ये व्हिसा झालं. सुरुवातीचं कार्ड म्हणजे उठावाच्या अक्षरांचा तुकडा. दुकानदार ते एका छोट्या यंत्रात ठेवून वर कार्बनची पावती दाबायचा, अक्षरं उमटायची, ग्राहक सही करायचा. गाडीवाले आणि हॉटेलवाले तर रकमेची जागा कोरी असलेल्या पावतीवर आधीच ठसा आणि सही घेऊन ती ड्रॉवरमध्ये ठेवायचे. गाडी परत आली की रक्कम भरायची. कोऱ्या कागदावर सही. सुप्याच्या शेतकऱ्याला हे दाखवलं असतं तर त्याला भाषांतराची गरज पडली नसती.

मोठी रक्कम असेल तर दुकानदार बँकेला फोन करून विचारायचा, हा माणूस एवढ्याचा आहे का? १९७३ मध्ये व्हिसाच्या आधीच्या संस्थेनं हा प्रश्न संगणकावर नेला. त्याच्या पुढच्या वर्षी प्रत्यक्ष पैशांचा हिशोब जुळवण्याची यंत्रणा वेगळी उभी राहिली. ही दोन वेगळी कामं आहेत, हे इथं महत्त्वाचं. पहिल्या निरोपात दुकान विचारतं, ‘एवढी रक्कम आहे का, असेल तर बाजूला ठेव.’ दुसऱ्या निरोपात सांगतं, ‘आता दे.’ गाडी भाड्यात पहिला निरोप चावी देताना जातो आणि दुसरा गाडी परत आल्यावर. मधला काळ म्हणजे होल्ड. दुसरा निरोप आलाच नाही तर काही दिवसांनी होल्ड आपोआप गळून पडतो.

भावाच्या प्रश्नाचं उत्तर या दोन निरोपांच्या फटीत आहे. ‘ठेवले’ म्हणजे पहिला निरोप. ‘कापले’ म्हणजे दुसरा.

क्रेडिट कार्डावर ‘ठेवले’ म्हणजे जवळजवळ काहीच नाही. समजा कार्डाची मर्यादा दोन लाख आहे, दहा हजारांचा होल्ड लागला, तर उरले एक लाख नव्वद हजार. कोणाचे पैसे कुठं गेले नाहीत, व्याज नाही. जे ठेवलं ते तुमचं नव्हतंच, ते बँकेनं तुम्हाला देऊ केलेलं उधार होतं. डेबिट कार्डावर तोच होल्ड लागला तर तुमच्याच खात्यातले दहा हजार तुम्हाला दिसतात पण वापरता येत नाहीत. आणि नेहमीच्या यूपीआयनं अनामत भरली तर होल्ड नाहीच, पैसे सरळ दुसऱ्याच्या खात्यात गेले. ते परत यायचे तर कोणीतरी उलटा व्यवहार सुरू करावा लागतो. आपोआप गळून पडण्यासारखं त्यात काही नाही. भावाचे पैसे ठेवले नव्हते, कापलेच होते.

आपल्याकडे

भारतात डायनर्स क्लबचं कार्ड काली मोदी यांनी १९६१ मध्ये आणलं. बँकेनं स्वतः क्रेडिट कार्ड काढलं ते १९८० मध्ये, मुंबईच्या सेंट्रल बँकेनं. त्यालाही चार दशकं उलटली. २०२४ मध्ये देशातल्या क्रेडिट कार्डांनी १० कोटींचा आकडा ओलांडला. ऐकायला मोठा आहे, पण एकेकाकडे तीन-तीन कार्डं असतात. माझ्याकडेच दोन आहेत. मोठे बाबांच्या घरात चार माणसांत एकही नाही.

स्वतः चालवायच्या गाड्यांसाठी आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली १९८९ मध्ये योजना आली. परवाना हवा तर किमान ५० गाड्या असाव्यात अशी तिची अट होती. अशा गाड्यांची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. गोव्यात स्कूटर घेतली असेल तर ती पाटी तुम्ही पाहिली असेल. आणि पांढऱ्या पाटीची खासगी गाडी ‘चालतंय हो’ म्हणून देणाराही पाहिला असेल. असा एखादा अनामत म्हणून मूळ आधार कार्ड किंवा पासपोर्ट ठेवून घेतो. पासपोर्ट १९६७ च्या कायद्यानुसार केंद्र सरकारची मालमत्ता आहे, म्हणजे जो आपला नाहीच तो आपण गहाण टाकतो! महादजींच्या छावणीतले ओलीस आठवतात. माणूस ठेवता येत नाही, तर त्याची ओळख ठेवायची.

भारतात आणखी एक फरक पडला. १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेनं ऑनलाईन कार्ड व्यवहाराला दुसरा पासवर्ड सक्तीचा केला, त्याचाच आजचा ओटीपी. ग्राहकासाठी ही फार मोठी ढाल आहे. अमेरिकेत गाडीवाला तुमच्या कार्डावर मागाहून टोलचे पैसे लावू शकतो, तुम्हाला ईमेलवर कळतं. इथं ओटीपीशिवाय तसं करणं अवघड. आणि खर्च तर मागाहूनच येतात. समृद्धीवर गाडीला ताशी १२० ची मर्यादा आहे, ती ओलांडल्याचं ई-चलान गाडी परत दिल्यावर काही दिवसांनी उगवतं, आणि ते मालकाच्या नावावर. म्हणून गाडीवाला म्हणतो, पैसे आधीच दे, चलान आलं नाही की परत करतो. त्याच्या जागी बसून पाहिलं तर त्याची भीती खोटी नाही. माझ्या ढालीची किंमत माझ्या भावानं भरली, एवढंच.

मग पैसे न हलवता नुसते ठेवायची सोय आपल्याकडे नाही का? आहे, आणि झकास आहे. पूर्वी शेअरच्या आयपीओत अर्ज केला की पूर्ण रक्कम आधी जायची आणि शेअर मिळाले नाहीत तर परतीची वाट बघत बसावं लागायचं. २००८ च्या जानेवारीत रिलायन्स पॉवरच्या आयपीओला देऊ केलेल्या शेअर्सच्या सत्तर पटींहून जास्त मागणी आली, म्हणजे बहुतेकांचे पैसे विनाकारण अडकले. त्याच वर्षी सेबीनं नवी पद्धत आणली. पैसे तुमच्याच खात्यात राहतात, फक्त बाजूला ठेवले जातात, त्यावर व्याजही तुम्हालाच मिळतं. शेअर मिळाले तर कापले जातात, नाही मिळाले तर सुटतात. २०१६ पासून ही पद्धत सक्तीची झाली. २०१८ मध्ये यूपीआयमध्येही एकवेळची रक्कम अडवून ठेवायची सोय आली.

म्हणजे तंत्र आहे. शेअर घेणाऱ्यासाठी ते सक्तीचं आहे, गाडी घेणाऱ्यासाठी नाही. हजार ग्राहकांचे दहा-दहा हजार धरले तर एक कोटी होतात. ते ग्राहकाच्या खात्यात अडवून ठेवले तर गाडीवाल्याला नुसती हमी मिळते. आपल्या खात्यात घेतले तर हमीही मिळते आणि वापरायला कोटभर रुपयेही. परत करायची घाई त्याला का असेल?

परत करायची कोणी

कायदा या बाबतीत मुका नाही. १९४७ साली मौला बक्ष नावाच्या कंत्राटदारानं लष्कराला बटाटे पुरवायचं कंत्राट घेतलं आणि १०,००० रुपये अनामत ठेवली. मग कोंबड्या, अंडी आणि मासळीचं दुसरं कंत्राट, अनामत ८,५००. पुरवठा वेळेवर झाला नाही म्हणून सरकारनं दोन्ही अनामती जप्त केल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६९ मध्ये निकाल आला की नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते दाखवावं लागेल. बटाट्याचा बाजारभाव तर मोजता येतो. सरकारनं तो दाखवला नव्हता, म्हणून अनामत परत करावी लागली. ‘दरवाजाला ओरखडा आहे, सहा हजार कापले’ असं म्हणणाऱ्यापुढे हा बटाटेवाला आठवावा. ओरखड्याचं बिल मागणं हा आपला हक्क आहे.

पण या सगळ्याला बावीस वर्षं लागली. दहा हजारांसाठी अकरा दिवस थांबलेला माणूस न्यायालयात जात नाही. तो दंड भरतो आणि गप्प बसतो.

अनामत ही अनोळखी असण्याची किंमत आहे, असं मला आता वाटतं. ओळखीच्या पोराला नावावर सायकल, अनोळख्यानं घड्याळ काढून द्यायचं. कार्डानं जगभरच्या अनोळखी लोकांना ओळखीचं केलं, पण ज्यांना बँक ओळखते त्यांनाच. अमेरिकेत १९७४ चा कायदा येईपर्यंत बाईला कार्ड हवं तर बऱ्याचदा नवऱ्याची सही मागायचे. माझी ओळख माझ्या पगाराच्या पावतीनं करून दिली. भाऊ महिन्याला माझ्या निम्म्यानं कमावतो, तेही रोखीत, म्हणून त्याची ओळख कोणी करून दिली नाही. आम्ही एकाच घरात वाढलो. मला हमी उधारीवर मिळते, त्याला रोखीनं विकत घ्यावी लागते.

शिर्डीहून येताना मी मोठे बाबांना विचारलं होतं, कोणी सायकल घेऊन पळून गेलं का कधी? ते म्हणाले, एकदाच. एक पोरगा एचएमटीचं घड्याळ ठेवून दोन तासांसाठी सायकल घेऊन गेला तो आलाच नाही. घड्याळ सायकलपेक्षा स्वस्त होतं की महाग, हे त्यांना आता आठवत नाही.

‘मग घड्याळ विकलं का?’ भावानं गाडी चालवता चालवता विचारलं.

‘कसं विकीन? माझं थोडीच आहे ते.’

ते अजून त्यांच्या लोखंडी कपाटात आहे. दुकान बंद होऊन वीस वर्षं झाली. मोठे बाबांच्या हिशोबात ते कापलेलं नाही, ठेवलेलं आहे.